एडीएचडी (लक्ष टिकवणं अवघड करणारी अवस्था) असेल तर रिमाइंडर असा लिहा

‘बिल भरणे’ असा रिमाइंडर वाजतो, बोट आपोआप तो बाजूला सारतं आणि बिल तसंच राहतं.

१. कामाचं नाव लिहू नका, पहिली हालचाल लिहा: ‘लॅपटॉप उघड, बिलाचा मेल शोध’. वाचल्यावर विचार करावा लागला तर वाक्य अजून मोठं आहे.

२. बाहेर जायचं असेल तर गूगल कॅलेंडरमध्ये त्याच नोंदीला दोन सूचना लावा, एक आवरायला लागण्याची आणि एक निघण्याची. आवरायला किती वेळ लागतो याचा आपला अंदाज बहुधा कमीच असतो.

३. आत्ता जमत नाही? स्नूझ करा, पुसू नका.

फक्त हे प्रत्येक बारीकसारीक कामाला लावू नका. दिवसभर फोन वाजत राहिला की कान ऐकेनासे होतात.