गो ऑफ म्हणजे वाजणं की विझणं? फ्रेझल व्हर्बचा अर्थ असा पकडा

'द अलार्म वेंट ऑफ ॲट सिक्स' हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं सहाला अलार्म बंद पडला, बिचारा झोपून राहिला असणार. पण अलार्म तर वाजला होता! आणि 'द लाइट्स वेंट ऑफ' म्हणजे मात्र दिवे गेलेच. बॉम्ब गो ऑफ होतो तेव्हा फुटतो, दूध गो ऑफ झालं की नासतं, हे दुधाचं ब्रिटिश लोक जास्त म्हणतात.

क्रियापदाला ऑफ, अप, डाउन असा छोटा शब्द चिकटून नवा अर्थ तयार होतो, त्या जोडीलाच फ्रेझल व्हर्ब म्हणतात. वैताग येतो ना? पण आपलं 'काढणं' बघा की. शर्ट काढला, चित्र काढलं, कर्ज काढलं, कसेबसे दिवस काढले. डॉक्टरने दात काढला आणि पोरगं उगाच दात काढतंय, यात आपला कधी गोंधळ होतो का? नाही, कारण आपण 'काढणं' एकटं ऐकतच नाही, कोण काढतंय आणि काय काढतंय ते आधी कानात शिरतं. इंग्रजीतही तेच करायचं.

म्हणजे अडलात की आधी क्रियापद सोडा आणि शेजारचं नाम बघा. 'टर्न डाउन' समोर म्युझिक असेल तर आवाज कमी करा, ऑफर असेल तर नाकारली. 'मेक अप' समोर स्टोरी असेल तर बहुतेक मनाने रचलेली, आणि दोघं भांडले होते, 'दे मेड अप' असं असेल तर समेट झाला.

मग बघायचं की कर्म आहे का. 'ही टुक ऑफ हिज शूज' मध्ये बूट आहेत म्हणून काढले, 'द प्लेन टुक ऑफ' मध्ये कर्मच नाही, विमान उडालं. धंदा टेक ऑफ झाला म्हणजे जोरात चालायला लागला, तेही उडण्यातूनच आलंय.

तिसरा शब्द चिकटला असेल तर तो गिळू नका हां, इथेच जास्त लोक पडतात. 'पुट अप अ पोस्टर' म्हणजे पोस्टर लावलं, पण 'पुट अप विथ द नॉइज' म्हणजे आवाज सहन केला, लावण्याबिवण्याचा काही संबंध नाही.

आणि माझं सगळ्यात आवडतं म्हणजे शब्दांची जागा. 'शी सॉ मी थ्रू' म्हणजे अडचणीत तिने मला शेवटपर्यंत साथ दिली आणि 'शी सॉ थ्रू मी' म्हणजे तिने माझं नाटक ओळखलं. शब्द तेच तीन-चार, एक 'मी' इकडचा तिकडे गेला आणि कौतुकाची पार फजिती झाली.

डिक्शनरीत बघताना पहिला अर्थ उचलून पळू नका, खाली दिलेली उदाहरणं वाचा आणि ज्यातलं नाम तुमच्या वाक्यातल्या नामासारखं आहे तो अर्थ घ्या. ते 'शंभर फ्रेझल व्हर्ब पाठ करा' वाले तक्ते मला तरी कधी कामाला आले नाहीत, कारण त्यात एकासमोर एकच अर्थ असतो आणि नेमका आपल्याला दुसरा हवा असतो. त्यापेक्षा वहीत नुसतं 'गो ऑफ' लिहूच नका, 'अलार्म गोज ऑफ, वाजतो' आणि त्याच्याच खाली 'लाइट्स गो ऑफ, जातात' असं नामासकट लिहा.