देवमाशांच्या व्यापारी शिकारीवरचा युक्तिवाद कसा तपासावा

देवमाशांच्या शिकारीवरून वाद पेटला की एक जण संख्येबद्दल बोलत असतो, दुसरा यातनांबद्दल, आणि दोघांनाही वाटतं की विषय एकच आहे. म्हणून मुद्दा समोर आला की तो कोणत्या खात्यातला ते आधी ठरवा: साठा (म्हणजे समुद्रातली देवमाशांची संख्या) टिकेल का, धंदा परवडतो का, की मारणं योग्य आहे का. एका खात्यातला पुरावा दुसऱ्यात चालत नाही. मिंक ही देवमाशांची लहान जात मुबलक आहे हे सिद्ध झालं, तरी हारपून (तोफेतून सुटणारा भाला) लागल्यावर देवमासा किती वेळ तडफडतो याबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

मग शिकार कोणती ते विचारा. अलास्का, ग्रीनलंड, रशियाच्या ईशान्य टोकावरचं चुकोत्का इथल्या मूळ रहिवाशांच्या निर्वाहासाठीच्या शिकारीला आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोग (देवमाशांच्या शिकारीचे नियम ठरवणारी देशांची संघटना) वेगळा कोटा देतो. ती या वादात ओढू नका. व्यापारी शिकारीचा कोटा शून्यावर आणण्याचा ठराव १९८२ चा, अंमल १९८५-८६ च्या हंगामापासून. नॉर्वेने वेळेत हरकत नोंदवली होती, म्हणून तो ठराव त्यांना बांधत नाही आणि १९९३ पासूनची त्यांची शिकार आयोगाच्या करारात बसते. जपान २०१९ साली ३० जूनला आयोगातून बाहेर पडला आणि दुसऱ्याच दिवसापासून स्वतःच्या सागरी हद्दीत उतरला. ‘सगळे बेकायदा मारतात’ हे वाक्य त्यामुळे पहिल्याच फेरीत पडतं.

आता हिशोब. ‘धंदेवाईक माणूस आपल्याच धंद्याचा साठा संपवणार नाही’ असं कोणी म्हटलं की कागद घ्या. समजा १०,००० देवमासे आहेत, दरवर्षी ३ टक्के वाढ होते आणि प्रत्येकामागे १०० नाणी निव्वळ नफा मिळतो. फक्त वाढ तेवढी मारली तर वर्षाला ३०० देवमासे, म्हणजे ३०,००० नाणी. सगळेच आत्ता मारले तर १० लाख. ते ६ टक्क्यांनी गुंतवले की वर्षाला ६०,००० व्याज, दुप्पट. नफा १०० ऐवजी ५०० धरून पाहा: दोन्ही बाजू पाचपट होतात, निकाल तोच. भाव इथे गौण आहे. तुलना वाढीचा दर आणि व्याजाचा दर यांची. गणितज्ञ कॉलिन क्लार्क यांनी १९७३ मध्ये हेच दाखवलं.

या हिशोबाचं एक टोक कच्चं आहे. साठा विरळ झाला की शोधण्याचा खर्च वाढतो, त्यामुळे शेवटचा देवमासा मारणं परवडू नये. पण बोट फिन जातीच्या देवमाशांसाठी निघालेलीच असेल, तर वाटेत दिसलेला निळा देवमासा जवळपास फुकटच मिळतो. शिवाय मालक कोणीच नाही. एकाने सोडलेला दुसरा नेतो.

कोटा लावला म्हणजे भागलं, असंही नाही. कोटा कशात मोजलाय ते बघा. १९७२ पर्यंत अंटार्क्टिकात ‘निळा देवमासा एकक’ चालायचं: १ निळा म्हणजे २ फिन, अडीच हम्पबॅक किंवा ६ सेई. एकूण एककं ठरलेली, जात कोणतीही चालेल. मग एका फेरीत सगळ्यात मोठाच आणणं किफायतशीर, आणि सगळ्यात दुर्मीळही तोच. त्यात नोंदीही खोट्या. सोव्हिएत ताफ्यांनी लाखाच्या वर देवमासे लपवले, हे १९९३ नंतर उघड झालं. त्या काळाचे आकडे वापरताना ते दुरुस्त केलेले आहेत का, ते पाहा.

धंद्याचं खातं त्या मानाने सोपं. मंजूर कोटा आणि प्रत्यक्ष शिकार शेजारी मांडा: नॉर्वेत गेली काही वर्षं निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी कोटा वापरला जातो. जपानमध्ये १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला २ लाख टनांवर मांस खपायचं, आता काही हजार टन. दुसरी बाजूही तितकीच कडक तपासा. देवमासे दाखवणाऱ्या सहलींची उलाढाल शिकारीच्या नफ्याशी तोलणं चूक. नफ्याशी नफाच तोलावा, आणि तो कोणाच्या हातात पडतो तेही लिहावं. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या मासिकातल्या लेखात एका मोठ्या देवमाशाची किंमत २० लाख डॉलरच्या वर धरली होती. त्यात कार्बन आणि पर्यटनाचे अंदाज आहेत. एवढे पैसे देणारा कोणी नाही.

नीतीच्या खात्यात ‘क्रूर आहे’, ‘नाही’ यावर थांबू नका. तीन आकडे मागा: जागीच किती मेले, उरलेल्यांना किती वेळ लागला, दुसरा बार किती जणांना लागला. नॉर्वेच्या २०११-१२ च्या पाहणीत ८२ टक्के मिंक जागीच मेले. आइसलंडमध्ये २०२२ साली मारलेल्या १४८ फिन देवमाशांपैकी ३६ जणांना एकाहून अधिक बार लागले. पुढच्या वर्षी तिथल्या सरकारने हंगाम काही आठवडे थांबवला. हे आकडे थेट एकमेकांवर ठेवू नका. मिंक ८-९ मीटरचा, फिन २० मीटरचा; स्फोटक हारपूनचा धक्का मेंदूपर्यंत पोचावा लागतो, आणि डोलत्या बोटीवरून नेम नेहमीच साधत नाही.

‘देवमासे बुद्धिमान आहेत’ हा निकष डुकराला लावून पाहा. तोच माणूस तिथे डगमगला तर निकष बुद्धीचा नाही, आवडीनिवडीचा आहे. ‘आमची परंपरा’ हा मुद्दा आला तर गाव आणि साल विचारा. जपानमधल्या ताइजी गावची किनाऱ्यावरची शिकार शतकांची आहे. अंटार्क्टिकाला जाणारे जपानी कारखाना-जहाजांचे (समुद्रातच देवमासे कापून प्रक्रिया करणाऱ्या जहाजांचे) ताफे १९३० च्या दशकातले.