पुण्याच्या जुन्या बाजारात जाताय? आधी हे वाचा

जुन्या वापरलेल्या वस्तू घ्यायची इच्छा आहे पण फसायची भीती वाटते, अशा लोकांसाठी हे लिहितोय. उदाहरण पुण्याच्या जुन्या बाजाराचं घेतोय कारण तो मला आवडतो आणि मनापासून वाटतं की जास्त लोकांनी तिकडे जावं, पण बाकी गावांतही हेच नियम चालतात.

बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, मंगळवार पेठेत, कुंभारवेस आणि शाहीर अमर शेख चौकाच्या पट्ट्यात. चारचाकी अजिबात नेऊ नका, मंगळवार पेठ मेट्रो स्टेशनला उतरून चालत गेलेलं बरं. रविवारी माल भरपूर पण धक्काबुक्की पण तेवढीच, त्यामुळे पहिल्यांदा जाणार असाल तर बुधवारी जा, वस्तू हातात घेऊन निवांत बघता येते आणि विकणाऱ्याशी दोन शब्द बोलता येतात. सोबत सुट्टे पैसे, एक छोटं लोहचुंबक (फ्रिजवर चिकटवायचं नको, जरा दमदार घ्या), पाण्याची बाटली, मेजर टेप, दोन पेन्सिल सेल (सेलवर चालणारी वस्तू लावून बघायला) आणि जुनं फडकं एवढं न्या. फडकं विसरू नका, अर्ध्या वस्तूंवर एवढी धूळ असते की पुसल्याशिवाय नाव पण दिसत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लोक जुन्या बाजारात गेले की फक्त भाव बघतात. माझं म्हणणं, आधी दुरुस्तीवाला बघा. जी वस्तू बिघडली तर नीट करून देणारा माणूस तुम्हाला माहितीये तीच घ्या, नाहीतर कितीही स्वस्त असली तरी सोडा. आणि ह्या बाबतीत पुण्यासारखं सुख नाही, कारण बाजारातून निघालं की कसब्यात तांबट आळी, जिथे तांब्या-पितळेचं ठोकायचं काम होतं, पुढे रविवार पेठेत बोहरी आळी जिथे स्क्रूपासून कडी-कोयंड्यापर्यंत सगळं हार्डवेअर मिळतं, आणि बुधवार पेठेत तपकीर गल्ली, जिथे वायर, स्विच, कोळसे (मोटरमधले कार्बन ब्रश), पार्ट असं इलेक्ट्रिकचं वाट्टेल ते. म्हणजे सकाळी वस्तू घेतली तर संध्याकाळपर्यंत ती चालू करून घरी नेता येते, फक्त दुरुस्तीचा खर्च आधीच मनात धरून भाव करायचा.

भांड्यांपासून सुरुवात करा, कारण खरी मजा तिथेच आहे. आजीच्या काळातली जाड पितळी पातेली, तांब्याचे हंडे, घंगाळी, परात, हे सगळं लोक घर लहान झालं म्हणून मोडीत काढतात आणि त्यातलं काही इथे येतं. पहिलं लोहचुंबक लावा, फटकन चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वरून नुसता मुलामा. पण नाही चिकटलं म्हणजे पितळच असं पण नाही हां, अॅल्युमिनियमला पण चुंबक चिकटत नाही, म्हणून हातात धरून वजन बघा आणि बुडाला एखादा ओरखडा असेल तर त्याच्या आतला रंग बघा, पितळ आतूनही पिवळंच असतं. मग भांडं एका हातात अधांतरी धरून दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने वाजवा. चांगलं भांडं टण्णकन वाजतं आणि आवाज थोडा वेळ राहतो, चीर गेलेलं असेल तर बद्द आवाज येतो आणि लगेच मरतो. ही परीक्षा बाकी सगळ्या परीक्षांपेक्षा भारी आहे, फक्त भांडं जमिनीवर ठेवून वाजवू नका. नंतर बाटलीतलं पाणी ओता, पाच मिनिटं गप्पा मारा, आणि बुडाखाली कोरड्या फडक्याने टिपून बघा ओल येतीये का. कान आणि बूड जिथे जोडलंय तिथे डाग दिलेला आहे का तेही बघा, म्हणजे झाळकाम. जुन्या झाळकामात शिसं असू शकतं, त्यामुळे आतून डाग दिलेलं भांडं स्वयंपाकाला घेऊ नका, झाडं लावायला किंवा शोभेला ठेवायचं तर घ्या खुशाल.

आणि चकाचक भांड्याला भुलू नका, उलट काळं पडलेलं भांडं घ्या असंच मी सांगेन, कारण त्यावर कुणी हात फिरवलेला नसतो, जे आहे ते समोर दिसतं. घरी चिंच आणि मीठ लावून घासलं की पितळ निघतंच वर.

पितळ किंवा तांब्यात शिजवायचं असेल, त्यातही आंबट काही, तर कल्हई लागतेच, त्याला पर्याय नाही. कल्हईवाला भांडं भट्टीवर लाल व्हायच्या बेताला आणतो, नवसागराची पूड टाकतो, धूर उठतो, मग कथील टेकवून कापसाच्या बोळ्याने असं झरझर फिरवतो की बघताबघता पिवळं भांडं आतून चांदीसारखं होतं. उभं राहून बघण्यासारखं काम आहे, मुलांना घेऊन जा. त्याला एवढं मात्र विचारा की कथील चोख आहे ना, शिसं मिसळलेलं नाही ना, आणि विचारायला लाजू नका, चांगला कारागीर उलट खूश होतो. ठोकून सरळ करायचं, कान नवीन बसवायचा, मठारायचं (हातोडीने ठोके घालायचे), ह्यासाठी तांबट आळीत विचारा, पेशवाईपासून तिथे हेच काम चालतं. भावाचं म्हणाल तर जायच्या आधी भांड्यांच्या दुकानात दोन आकडे विचारून घ्या, पितळेच्या मोडीचा किलोचा भाव आणि नव्या भांड्याचा किलोचा भाव. जुन्या बाजारातला भाव ह्या दोन्हीच्या मधे कुठेतरी असायला हवा, आणि कल्हईचा खर्च धरून तो नव्याच्या जवळ जायला लागला तर मग दुकानातूनच घ्या की.

बिडाचे तवे, आप्पेपात्र आणि कढया तर दिसल्या की उचला. गंज असला तरी चालेल, चीर नको, तीच वाजवून बघायची परीक्षा. घरी व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून त्यात थोडा वेळ बुडवा (रात्रभर तसंच ठेवू नका, बीड खाल्लं जातं), तारेच्या घासणीने घासा, लगेच गॅसवर कोरडं करा आणि तेलाचा अगदी पातळ हात देऊन धूर निघेपर्यंत तापवा, असं तीन चार वेळा. नव्या तव्यापेक्षा जुना तवा चांगला, वर्षानुवर्षं वापरून तो आतून गुळगुळीत झालेला असतो, त्यावरचे घावन कसे सुटतात ते एकदा बघाच.

हत्यारं घेणारे लोक तर फक्त ह्यासाठीच येतात. पाने, पकड, पोपट पाना, करवती, बेंच व्हाइस. इथे गंजाला घाबरायचं नाही, ढिलेपणाला घाबरायचं. पोपट पान्याचा जबडा हलवून बघा, व्हाइसचा स्क्रू पूर्ण उघडून पूर्ण बंद करून बघा, आटे खाल्लेले असतील तर सोडून द्या. ड्रिल मशीनची चक बोटाने दाबून बघा, डुगडुगली तर बेअरिंग गेलंय. मोटर असलेल्या कुठल्याही वस्तूचा वास घ्या, जाळीपाशी नाक नेऊन. जळकट वास म्हणजे वाइंडिंगचा, म्हणजे मोटरच्या आतली तार परत गुंडाळायचा खर्च, आणि तो त्या वस्तूच्या किमतीच्या वर जाऊ शकतो. नुसत्या ठिणग्या उडत असतील तर बऱ्याचदा कोळसे बदलले की काम होतं, ते किरकोळ आहे. विजेवर लावून दाखवा म्हणून आग्रह धरा, आणि नाहीच दाखवलं तर ती वस्तू बंदच आहे असं समजून भाव सांगा.

घड्याळांमधे एचएमटीची मागणी फार आहे, विशेषतः 2016 मधे कंपनीचं घड्याळांचं काम बंद झाल्यापासून. इथे एकच सांगतो, चकचकीत नव्या रंगाची डायल दिसली, भगवी हिरवी वगैरे, तर ती बहुतेक वेळा नंतर छापलेली असते. भिंग नसेल तर मोबाईलचा कॅमेरा झूम करून अक्षरं बघा, मूळ छपाई बारीक आणि धारदार असते. चावी देऊन कानाला लावा, टिकटिक एकसारखी यायला पाहिजे. वापरायला घेत असाल तर बदललेली डायल पण वाईट नाही, फक्त मूळ डायलचा भाव देऊ नका.

नाण्यांपासून मात्र लांब राहा, हे अगदी कळकळीने सांगतोय. एका बाजूला राम दरबार किंवा हनुमान आणि दुसरीकडे ईस्ट इंडिया कंपनी 1818 असं लिहिलेली जी नाणी मिळतात ना, तशी नाणी कंपनीने कधी पाडलीच नव्हती. व्हॉट्सअॅपवर लाखोंच्या गोष्टी फिरतात आणि बिचारे लोक त्यात पैसे घालतात. हस्तिदंत, शिंगं, कातडी असलं काही कुणी दाखवलं तर हात पण लावू नका, वन्यजीव कायद्याखाली सरळ गुन्हा आहे. आणि परदेशातल्या नातेवाईकांसाठी पुरातन मूर्ती वगैरे घ्यायचा विचार असेल तर 1972 चा पुरावशेष कायदा लक्षात ठेवा, 100 वर्षांहून जुनी मूर्ती, चित्रं, कोरीव वस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत.

मोबाईल. घेऊ नका असंच म्हणेन, पण घेणारच असाल तर *#06# दाबून आयएमईआय नंबर काढा, केवायएम लिहून एक जागा सोडून तो 15 आकडी नंबर लिहा आणि 14422 वर एसएमएस करा (केवायएम ही अक्षरं इंग्रजीत टाइप करा). फोन ब्लॉक केलेला असेल तर उत्तरात कळतं. बिल आणि मूळ मालकाचा पत्ता नसेल तर फोन कितीही झकास असू द्या, नको. चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसं वाटायला कारण असताना घेतला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली घेणारा पण अडकतो.

काही वस्तू कुठेच जुन्या घेऊ नयेत. हेल्मेट, प्रेशर कुकर, गॅसचा रेग्युलेटर आणि नळी, नॉनस्टिक, लहान मुलांची कार सीट. हेल्मेट एकदा आपटलं की आतला थर्माकोल दबलेला असतो आणि बाहेरून काही दिसत नाही.

भाव करायची पण एक रीत आहे. सकाळी भवानीच्या वेळी गेलात आणि घ्यायचंच नसेल तर उगाच भाव पाडत बसू नका, पहिल्या गिऱ्हाईकाने घासाघीस करून रिकामं जाणं त्यांना खरंच लागतं. जे हवंय त्याच्यावर लगेच झडप घालू नका, तीन चार वस्तू वेगळ्या काढा आणि सगळ्याचं मिळून किती असं विचारा, एकेकट्या वस्तूपेक्षा तिथे जास्त सूट मिळते. "दादा, शेवटचं सांगा" एवढं पुरतं. वस्तूला नावं ठेवून भाव पाडायची सवय सोडा, खोट दिसली तर ती बोटाने दाखवून सरळ सांगा की हे करून घ्यायला मला एवढा खर्च येईल. ही माणसं भंगाराच्या ढिगातून, घराघरातून हा माल निवडून, डोक्यावर वाहून आणतात, त्यांना माल कळतो, आणि तुम्हाला पण कळतो हे दिसलं की पुढच्या वेळी ते तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवतात. मग नुसतं विचारलं तरी सांगतात की दादा ते नका घेऊ, त्यात दम नाही.

कपडे जुने घ्यायचे तर साइजचं लेबल बघूच नका. आपल्या नीट बसणाऱ्या शर्टाची एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंतची रुंदी घरी मोजून लिहून न्या आणि तिथे टेप लावा, इन्स्टाग्रामवरून थ्रिफ्ट घेताना पण हेच माप मागा. कॉलरच्या आतली घडी, काखा, चेन आणि पँटचा मांडीजवळचा भाग उजेडाकडे धरून बघा, तिथेच कापड विरतं. बोहारणी भांडी देऊन जे कपडे नेतात त्यातले चांगले निवडून, धुवून, टाके घालून परत विकले जातात, त्यामुळे जुन्या साड्यांमधे कधीकधी अप्रतिम काठ सापडतात. घरी आणल्यावर बाकी कपड्यांत मिसळायच्या आधी वेगळे गरम पाण्यात धुवा, फक्त रेशीम आणि लोकर सोडून.

पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौकाचा परिसर आणि आपापल्या गल्लीतली रद्दीची दुकानं. रद्दीवाल्याला फोन नंबर देऊन ठेवा, कुणाचं घर रिकामं झालं की जुने दिवाळी अंक गठ्ठ्याने येतात. शेवटची पानं आहेत का आणि कसर लागलीये का बघा. कसर असेल तर पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून दोन आठवडे फ्रीजरमधे ठेवा आणि काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, नाहीतर पाणी सुटून पानं फुगतात.

फर्निचर घेताना वस्तू उलटी करा. खरं सागवान खालून, ड्रॉवरच्या आतून सगळीकडे सागवानच दिसतं, प्लायवर चिकटवलेलं असेल तर कडेला थर दिसतात. पायाशी बारीक भुसा पडलेला असेल तर आत कीड जिवंत आहे. सांध्यांमधे, लाकडी पट्ट्यांच्या खाचांत काळे ठिपके दिसले तर ढेकूण, मग पलंग फुकट दिला तरी नको. आणि भाव ठरवायच्या आधी दारातून, जिन्यातून ते आत जाईल का मोजा, टेम्पोवाल्याला मजला सांगून हमाली धरून भाडं ठरवा, कारण तिसऱ्या मजल्यावर गोदरेजचं कपाट चढवायची हमाली ऐन वेळी ठरवली तर भाड्यापेक्षा जास्त होते.