हुरूप टिकत नाही? पुरुषांकडून हमखास होणाऱ्या या चुका टाळा

कामावरून आलेला माणूस पलंगाच्या कडेला बसलाय. एक बूट काढलेला, दुसऱ्याची नाडी नुसती सैल केलेली. समोरच्या खुर्चीवर व्यायामाचे कपडे आहेत, सकाळी मोठ्या उमेदीने घडी घालून ठेवलेले. "दोन मिनिटं टेकतो" म्हणून त्याने मोबाइल हातात घेतला आणि मान वर केली तेव्हा पाऊण तास गेला होता. दुसरा बूट अजून पायातच. मग तो मनाशी म्हणतो, "आपल्यात दमच नाही."

हा माणूस मी बरीच वर्षं होतो. त्या वर्षांत मला सगळ्यात महाग पडलं ते हे शेवटचं वाक्य. हुरूप नसणं ही स्वभावातली खोट आहे असं एकदा धरून चाललं, की माणूस दुरुस्तीच्या भानगडीतच पडत नाही. मी हळूहळू ज्या निष्कर्षाला आलो तो असा: खोट बहुतेक वेळा दिवसाच्या मांडणीत असते, आणि मांडणी बदलता येते. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते मात्र शोधावं लागतं.

"आज मूड नाही" म्हणून थांबणं

बाकीच्या बऱ्याच चुका हिच्याच पोटी जन्मतात, म्हणून हिच्यावर जरा जास्त वेळ घालवतो.

आधी करावंसं वाटेल, मग आपण करू, असं आपण गृहीत धरतो. आंघोळीचंच बघा. जायचा कंटाळा येतो, टाळाटाळ होते, आणि अंगावर पाणी पडलं की तो कंटाळा कुठे गेला ते कळतही नाही. बहुतेक कामांचं असंच असतं. हात घातल्यावर मन मागून येतं.

नैराश्यावरच्या उपचारांत हे फार पूर्वीच ओळखलं गेलं. १९७०च्या दशकात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पीटर ल्युइनसन यांनी हे चक्र मांडलं: माणूस खचला की एकेक गोष्ट सोडत जातो, सोडलेल्या गोष्टींतून मिळणारं समाधानही आटतं, आणि त्यामुळे तो आणखी खचतो. या विचारातून पुढे बिहेवियरल ॲक्टिव्हेशन नावाची उपचारपद्धत उभी राहिली. तिच्यात करावंसं वाटण्याची वाट न बघता छोटी छोटी कामं वेळ ठरवून केली जातात. खचलेल्या माणसाला जी रीत उठवू शकते, ती नुसत्या कंटाळलेल्या माणसाला नक्कीच उपयोगी पडते.

आता माझ्या बुटांकडे परत येतो. मी व्यायामाबद्दल काहीच ठरवायचं सोडून दिलं. ठरवलं ते एवढंच, की घरात आल्यावर बूट पलंगावर बसून काढायचे नाहीत. दारापाशी उभ्यानेच, भिंतीला हात टेकून काढायचे आणि बसण्याआधी कपडे बदलायचे. पुढे व्यायाम झाला नाही तरी चालेल. पहिल्या आठवड्यात दोन दिवस मी ते कपडे घालून चक्क झोपलो. उरलेल्या दिवशी मात्र बाहेर पडलो, कारण धावायच्या कपड्यांत दारापाशी उभं राहिल्यावर बाहेर जाणं हेच सोपं वाटायला लागलं. माझं खरं भांडण व्यायामाशी नव्हतंच. पलंगाच्या त्या कडेशी होतं.

तुमचीही अशी एक कडा असेल. कोणाची ती जेवल्यानंतरची खुर्ची असते, कोणाची सकाळी गजर बंद करून पुन्हा पांघरूण ओढण्याची. ती शोधा आणि तिच्या जरा अलीकडे एक अगदी छोटी हालचाल बसवा.

ती कशी ठरवायची याचंही तंत्र आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९०च्या दशकात दाखवलं, की "अमुक झालं की मी तमुक करीन" असं बांधून ठेवलेला संकल्प मोघम संकल्पापेक्षा जास्त पार पडतो. "वाचन वाढवायचं" हे मोघम झालं. "रात्री बाहेरच्या खोलीतला दिवा बंद केला की दोन पानं वाचायची" हे बांधलेलं. आपला संकल्प तपासायचा असेल तर तो तिऱ्हाइताला वाचायला द्या. उद्या तुम्ही कधी, कुठे आणि काय करणार हे त्याला सांगता आलं नाही, तर ती अजून नुसती इच्छा आहे.

आरंभशूरपणा

पहिल्याच दिवशी तासभर पळायचं, पहाटे साडेचारला उठायचं, साखर बंद, समाज माध्यमं बंद, सगळं सोमवारपासून. नव्याचे नऊ दिवसही भरत नाहीत.

आपण पुरुष यात जास्त सापडतो असं माझं निरीक्षण आहे. थोडं करणं आपल्याला कमीपणाचं वाटतं. दहा मिनिटं चाललो हे मित्रांत सांगण्यासारखं नसतं, म्हणून आपण ते मोजतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या शिफारशींत व्यायामाचा प्रत्येक तुकडा किमान दहा मिनिटांचा असावा अशी अट होती. २०२०च्या शिफारशींत तीही काढून टाकली. आठवड्याच्या बेरजेत पाच मिनिटंही धरली जातात.

म्हणून माप ठरवताना आपला चांगला दिवस डोळ्यांपुढे आणू नका. वाईटातला वाईट दिवस आणा: उशिरा सुटलेलं काम, डोकेदुखी, घरात कुरबूर. त्या दिवशी जेवढं जमेल तेवढंच रोजचं माप. बरं वाटेल त्या दिवशी जास्त करायला कोणी अडवलेलं नाही.

आणखी एक गैरसमज इथे घात करतो. "२१ दिवसांत सवय लागते" असं आपण सगळ्यांनी ऐकलंय. त्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६०च्या लिखाणात आहे. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्यातला "किमान" वाटेत कुठेतरी गळाला. पुढे युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोजची एक नवी सवय लावून घ्यायला सांगितली आणि ती कशी मुरते ते पाहिलं. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असा हिशेब निघाला. माणसामाणसांतला फरक मात्र १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता. बाविसाव्या दिवशीही जड जात असेल, तर तुमचं काही बिघडलेलं नाही. तुम्ही अजून मधल्या वाटेवर आहात, इतकंच.

त्याच पाहणीत दिसलेली दुसरी गोष्ट मला याहून मोलाची वाटते. एखाद्या दिवसाचा खाडा पडल्याने सवय लागण्याच्या वाटचालीवर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. खरं नुकसान होतं ते खाड्यानंतर आपण जे करतो त्याने. कोणी "आता मोडलंच" म्हणून सोडून देतो. कोणी दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरपाई करायला जातो, अंग दुखवून घेतो, आणि मग तिसरा दिवसही बुडतो. भरपाई करू नका. खाड्याच्या दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा कमी केलं तरी चालेल, पण ठरलेल्या वेळी हजर राहा.

स्वतःला झोडपणं

"पुरुष आहेस ना, मग रडतोस काय?" हे लहानपणी ऐकलेलं वाक्य मोठेपणी आपण स्वतःलाच ऐकवतो. कडक बोललं तरच आपण हलू, असं मनापासून वाटत असतं.

कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास २०१०मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या परीक्षेच्या अभ्यासात चालढकल केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी चालढकल कमी केली. कारण समजण्यासारखं आहे. प्रत्येक वेळी कामाचं नाव काढलं की पाठोपाठ शिव्या येणार असतील, तर मन त्या कामाच्या जवळपासही फिरकत नाही.

माफ करणं म्हणजे सोडून देणं नव्हे. "मी असा का आहे?" याऐवजी "काल नेमकं कुठे अडलं?" असं विचारा. उत्तरं फार साधी निघतात. भूक लागली होती. फाइल उघडायला पासवर्ड सापडत नव्हता. कामाचा पहिला तुकडाच इतका मोठा होता की कुठून सुरू करावं ते कळेना. या तिन्हींवर उपाय आहेत. "मी आळशी आहे" यावर कुठलाच नाही.

दुसऱ्याच्या डोळ्यांत भरण्यासाठी धावणं

पगार, हुद्दा, मित्राची गाडी, ओळखीतल्या कोणाचे कमावलेले दंड. अशी इंधनं पेटतात झटकन आणि विझतातही तशीच. १९७१मध्ये मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली आणि त्यातल्या काहींना मध्येच पैसे द्यायला सुरुवात केली. पैसे थांबल्यावर हे विद्यार्थी मोकळ्या वेळात कोड्यांकडे आधीपेक्षा कमी वळले. आवडीने चाललेलं काम मोबदल्याशी बांधलं गेलं आणि आवड मागे पडली.

डेसी आणि रिचर्ड रायन यांनी पुढे जो सिद्धांत उभा केला, तो अडलेल्या माणसाला तपासणीसाठी फार कामाचा आहे. त्यांच्या मते आतून येणारी ओढ टिकायला तीन गोष्टी लागतात: हे मी निवडलंय ही भावना, मला हे जमतंय ही जाणीव, आणि आपल्या माणसांशी जोडलेपण. हुरूप गेला असेल तर यातलं काय आटलंय ते बघा. नोकरी सोडता येत नसेल, पण दिवसातलं पहिलं काम कोणतं हे बहुधा आपल्या हातात असतं. जमतंय असं वाटत नसेल तर कामाचा तुकडा लहान करा आणि झालेलं वहीत लिहा. जोडलेपण नसेल, तर ज्याला आपण आलो नाही हे कळेल असा एक जोडीदार घ्या. याला पुरुष सगळ्यात जास्त टाळतात. मैत्री असते, गप्पा असतात, पण "मी यात अडकलोय, मंगळवारी मला विचारशील का?" हे वाक्य तोंडातून निघत नाही. ते एकदा बोलून बघा. समोरचा माणूस बहुतेक वेळा स्वतःचीही एक अडचण सांगतो.

उसनं अवसान

प्रेरणा देणारे व्हिडिओ बघताना छाती भरून येते आणि काहीतरी केल्यासारखं वाटतं. तिथेच फसगत होते. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगन आणि हीदर कॅपस यांनी २०११मध्ये प्रयोगांतून दाखवलं, की सगळं छान पार पडल्याची स्वप्नं रंगवली की अंगातली चेतना उलट उतरते. स्वप्न बघितलंत तर लगेच पुढचा प्रश्नही विचारा: यात माझ्याच आतलं काय आड येतं?

शरीराचा हिशेब न धरणं

पाच तास झोपून इच्छाशक्ती शोधत बसू नका. शिकागो विद्यापीठात दहा निरोगी तरुण पुरुषांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिलं, तर दिवसा मोजलेलं त्यांचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे मुख्य पुरुषी हार्मोन, १० ते १५ टक्क्यांनी उतरलं. हा अभ्यास २०११चा. प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप हवी अशी झोपेच्या तज्ज्ञांची शिफारस आहे. संध्याकाळची कॉफी किंवा कडक चहाही ही झोप बिघडवतो, कारण पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात.

माझा एक मित्र वर्षभर स्वतःला आळशी म्हणत होता. वजन वाढलेलं, दुपारी डोळे मिटायचे, आवडीचं वाद्य धूळ खात पडलेलं. घरच्यांच्या आग्रहाने रक्ततपासणी केली तेव्हा थायरॉइडचं काम मंदावल्याचं निघालं. त्याने ज्याला स्वभाव म्हटलं होतं, त्यावर रोजची एक गोळी होती. रक्तक्षय, ब-१२ ची कमतरता, मधुमेह, घोरताना श्वास अडकून तुटणारी झोप, यांतलं काहीही "दम नाही" या वेषात येऊ शकतं. जाहिरात बघून ताकदीची औषधं किंवा हार्मोनची इंजेक्शनं स्वतःच सुरू करण्याआधी ही तपासणी करून घ्या. बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनमुळे शुक्राणूंची निर्मिती थांबू शकते, हे तर अनेकांच्या गावीही नसतं.

आजाराला आळस समजणं

दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज कशातच मन लागत नसेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टीही बेचव झाल्या असतील, झोप आणि भूक बदलली असेल, तर वर लिहिलेल्या युक्त्यांवर वेळ घालवू नका. हे नैराश्य असू शकतं. पुरुषांत ते नेहमी रडण्यातून दिसत नाही. चिडचिड, घरच्यांवर खेकसणं, दारू वाढणं, गाडी बेफाम चालवणं, रात्री उशिरापर्यंत कामात तोंड लपवणं, अशा रूपांत येतं, आणि म्हणून घरच्यांच्याही लक्षात येत नाही. जगभरात आत्महत्येने मरण पावणाऱ्यांत पुरुषांचं प्रमाण स्त्रियांच्या दुपटीहून अधिक आहे. मरणाचे विचार येत असतील तर उद्यावर ढकलू नका. आजच जवळच्या माणसाला सांगा, त्याला सोबत घेऊन डॉक्टरकडे जा, आणि तोवर एकटे राहू नका.

डॉक्टरसमोर बसल्यावर "जरा थकवा आहे" एवढंच बोलून आपण उठतो. त्यामुळे काय सांगायचं ते आधीच कागदावर लिहून न्या: केव्हापासून, झोप किती, भूक कशी, दारू किती, कामात आणि घरात काय बिघडलं, काय करावंसं वाटेनासं झालं. बोलताना आवाज फुटला नाही, तर कागद पुढे करा. तेवढंही चालतं.