बाथरूमची बुरशी: घासण्याआधी ओल कुठून येते ते पाहा

काळ्या डागावर कापसाने ब्लीचचा एक थेंब टेकवा. दोन मिनिटांत फिका पडला तर बुरशी, नाही तर नुसता मळ. पांढरी भुकटी दिसत असेल तर तिच्यावर पाणी शिंपडा. विरघळली की समजा लोणा (भिंतीतून बाहेर आलेला क्षार) आहे, म्हणजे ओल भिंतीच्या आतून येतेय.

खात्री करायची तर भिंत पुसून कोरडी करा, त्यावर फूटभर चौरस जाड प्लॅस्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने डकवा आणि दोन दिवस तसंच ठेवा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला दव धरलं तर पाणी भिंतीतून येतंय: आतला पाइप झिरपतोय, नाहीतर वरची गच्ची. मग घासाघासी थांबवा, आधी प्लंबर किंवा गवंडी बोलवा. दव बाहेरच्या बाजूला असेल तर दोष अंघोळीच्या वाफेचा.

सफाईला 4-5 टक्के सोडियम हायपोक्लोराइटचं ब्लीच, चार लिटर थंड पाण्यात एक कप. गरम पाण्यात ब्लीचचा जोर जातो. कालवलेलं पाणी त्याच दिवशी संपवा. हातमोजे घाला, छत पुसताना चष्माही, कारण थेंब डोळ्यातच पडतात. बुरशी कोरडी खरवडू नका, कण घरभर उडतात. ब्लीचच्या पाण्याने ओली करा, दहा मिनिटं थांबा, मग ब्रशने घासून धुवा. दार-खिडकी उघडी हवी.

आपल्याकडे टाइल्सना अ‍ॅसिड लावायची सवय आहे. अ‍ॅसिड किंवा संडास साफ करायचं लिक्विड ब्लीचमध्ये मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. एकामागून एकही वापरू नका. शिवाय अ‍ॅसिड सांध्यातलं सिमेंट खातं. सांधे सच्छिद्र झाले की पाणी तिथेच मुरतं आणि बुरशी पुन्हा तिथेच उगवते. ग्राउट (टाइल्सच्या सांध्यातला भराव) आतपर्यंत काळं पडलं असेल तर दोन-तीन मिलिमीटर कोरून काढा आणि सांधे पूर्ण वाळल्यावर इपॉक्सी ग्राउट भरा. बेसिनच्या कडेचं काळवंडलेलं सिलिकॉन कापून नवीनच लावायचं, ते धुऊन निघत नाही.

आता वाफेचं. सातारा जिल्ह्यातल्या कोरड्या माण-खटावात खिडकी उघडी ठेवली की बाथरूम वाळतं. त्याच जिल्ह्यात भरपूर पावसाच्या जावळी-पाटणकडे जून ते सप्टेंबर बाहेरची हवाच ओली, तिथे खिडकीच्या भरवशावर राहू नका. 5 बाय 7 फुटांच्या बाथरूमला 6 इंची एक्झॉस्ट पुरतो, पण दाराखाली अर्धा इंच फट हवी. आत हवाच आली नाही तर पंखा नुसता गरगरतो. अंघोळीनंतर वीस मिनिटं चालू ठेवा. त्याहून गुणकारी म्हणजे वायपर: भिंती वरून खाली, मग फरशी. मिनिटभराचं काम, पण बहुतेक पाणी वाफ होण्याआधीच नहाणीच्या जाळीत जातं. ओले कपडे आत लटकवणं बंद.

पुट्टी भुसभुशीत झाली असेल तर ब्लीच उपयोगाचं नाही. प्लॅस्टरपर्यंत खरवडा, आणि पीओपी न वापरता सिमेंटची पुट्टी लावा. दिवाळीआधी उरकायची घाई होते खरी, पण ऑक्टोबरचं ऊन भिंतीला पुरतं लागू द्या; ओल्या प्लॅस्टरवरची पुट्टी पोपड्यांनी सुटते.