कुलूप नसलेला इंडी गेम घेताय? पैसे भरण्याआधी या चुका टाळा

गेल्या मे महिन्यात गावी जाताना लॅपटॉपमध्ये एक पॉइंट-अँड-क्लिक ॲडव्हेंचर गेम टाकून नेला. पैसे मोजून घेतलेला, आठवडाभर आधीच उतरवून ठेवलेला. गावात रेंज मिळते ती गोठ्याच्या मागे, तीही एकच कांडी. गेमवर क्लिक केलं तर आधी लाँचर (गेम सुरू करून देणारं दुकानाचं ॲप) उघडला आणि लॉगिन मागू लागला. सुट्टी पत्ते कुटण्यात गेली. चूक माझीच. गेमच्या पानावर 'इंडी' वाचलं आणि डीआरएम, म्हणजे लॉगिन किंवा नेटशिवाय गेम उघडू न देणारं डिजिटल कुलूप, नसणारच असं धरून चाललो.

इंडी म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय बनवलेला, एवढंच. कुलूप आहे की नाही ते गेम कोणाचा आहे आणि तुम्ही कुठून घेताय यावर ठरतं. चेक प्रजासत्ताकातल्या अमानिता डिझाइनने 2009 मध्ये 'मशिनारियम' स्वतःच्या साइटवर डीआरएमशिवाय विकला. पुढच्याच वर्षी त्यांनी सांगितलं की खेळणाऱ्यांपैकी फार तर 5 ते 15 टक्के लोकांनी पैसे दिले असावेत. दुसऱ्या कुणी चिडून कुलूप ठोकलं असतं. यांनी 20 डॉलरचा गेम काही दिवस 5 डॉलरला लावला आणि फुकट्यांना 'माफी' जाहीर केली!

स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाबद्दल दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. तिथे डीआरएम लावायची सक्ती नाही, त्यामुळे काही गेम उतरवल्यावर स्टीमशिवायही चालतात. पण वेगळा इन्स्टॉलर (गेम बसवणारी फाइल) मिळत नाही, गेम उतरवायला स्टीम लागतंच. घेतल्या घेतल्या तपासा: स्टीम पूर्ण बंद करा (घड्याळाशेजारच्या चिन्हावरूनही), नेट बंद करा आणि गेमच्या फोल्डरमधली ईएक्सई फाइल थेट उघडा. गेम सुरू झाला तर फोल्डरची कॉपी काढून ठेवा. स्टीम जागं झालं तर कुलूप आहे असं समजा. परतावा 14 दिवसांत आणि दोन तासांहून कमी खेळलेलं असेल तरच मिळतो, म्हणून ही तपासणी पहिल्याच दिवशी.

स्वस्त बंडल, म्हणजे अनेक गेमचा एकत्र गठ्ठा, घेतानाही घोटाळा होतो. हंबल बंडल 2010 मध्ये सुरू झालं ते डीआरएम नसलेले गेम घेऊन, पण आता तिथे बऱ्याचदा हाती पडते ती स्टीमची की, म्हणजे स्टीमवर गेम मिळवायचा कोड. म्हणजे फिरून तिथेच.

गॉग या डीआरएमशिवाय गेम विकणाऱ्या दुकानात ही भानगड नाही, पण तिथे लोक वेगळी चूक करतात. गॉगच्या गॅलेक्सी ॲपमधून गेम टाकतात आणि इन्स्टॉलर कधी उतरवतच नाहीत. उद्या तो गेम किंवा तुमचं खातं गेलं तर तुमच्याकडे काय राहिलं? साइटवरच्या लायब्ररीत गेम उघडा, ऑफलाइन बॅकअप इन्स्टॉलर घ्या. मोठ्या गेमचे तुकडे येतात: एक सेटअप ईएक्सई आणि सोबत बिन फाइली. सगळ्या एकाच फोल्डरमध्ये हव्यात, नावं बदलायची नाहीत. एक जरी राहिली तर सेटअप मध्येच अडतो.

इच डॉट आयओ या गेम विकायच्या साइटवर साइटचा वाटा किती हे विकणाराच ठरवतो, म्हणून लहान निर्मात्यांचे गेम मी शक्यतो तिथून घेतो. तिथे बऱ्याचदा झिप फाइल मिळते. ती न सोडवता आतूनच गेम चालवला की 'डेटा फाइल सापडत नाही' असा एरर येतो आणि दोष गेमला जातो. आधी एक्स्ट्रॅक्ट ऑल करा. विंडोजची निळी चेतावणी आली तर गेमवर डिजिटल सही नसेल, घाबरू नका. मात्र पान खुद्द निर्मात्याचं आहे याची खात्री करूनच 'मोअर इन्फो' आणि मग 'रन एनीवे' दाबा.

मॅकवाल्यांनी आणखी एक बघावं. मॅकओएसच्या 2019 च्या कॅटालिना आवृत्तीपासून जुन्या पद्धतीचे 32-बिट प्रोग्राम चालत नाहीत. जुना गेम कुलूप नसतानाही उघडणार नाही, तेव्हा पानावर 64-बिट लिहिलंय का ते आधी पाहा.