नवीन फोनचा कॅमेरा जुन्यापेक्षा बेकार वाटतोय? आधी या चुका टाळा

जुन्या फोनमध्ये फोटो मस्त यायचे, नवीन घेतला, पैसेही जास्त मोजले आणि पहिलेच फोटो बघून मूड गेला, असं खूप जणांचं होतं आणि तो राग अगदी बरोबर आहे. पण लगेच फोन विकायला काढू नका, कारण बऱ्याचदा कॅमेरा ठीक असतो, आपली तुलनाच चुकत असते नाहीतर जुन्या फोनची सवय नव्यावर चालवायला जातो.

तुलनेचंच बघा. नव्या फोनचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपने जुन्यावर पाठवायचा आणि तिथे झूम करून बघायचं, हे करूच नका. व्हॉट्सअ‍ॅप फोटो कॉम्प्रेस करतं, एचडी निवडलं तरी थोडंफार करतंच, त्यामुळे डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा केबलने घ्या. आणि दोन्ही फोटो एकाच स्क्रीनवर बघा, कारण एका फोनचा डिस्प्ले व्हिव्हिडवर आणि दुसऱ्याचा नॅचरलवर असेल तर तोच फोटो एकीकडे भडक आणि दुसरीकडे फिका दिसणार.

रात्री दिव्यांभोवती धुरकट वलय किंवा लांब रेघा येत असतील तर कॅमेऱ्यावर चिकटवलेली प्रोटेक्टर काच काढून, लेन्स मऊ कापडाने पुसून परत फोटो काढा. मला विचाराल तर ती काच लावूच नये.

आता सगळ्यात जास्त त्रास देणारी गोष्ट, जवळचे फोटो. समजा औषधाच्या बाटलीवरचं बारीक लेबल टिपायचंय, जुन्या फोनमध्ये अगदी जवळ नेऊन व्हायचं, नव्यात मधली अक्षरं शार्प आणि कडेची पुसट येतात, किंवा फोकसच होत नाही आणि माणूस समजतो कॅमेरा गेला. होतं काय, नव्या फोनच्या मेन कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, बहुतेक वेळा मोठा असतो, तो कमी उजेडात चांगला पण असा कॅमेरा खूप जवळच्या वस्तूवर फोकस करू शकत नाही आणि फोकसची खोलीही कमी असते, म्हणजे थोडं पुढेमागे असलेलं लगेच पुसट होतं. मग काही फोन आपणहून अल्ट्रावाइड, म्हणजे जास्त रुंद दृश्य टिपणाऱ्या दुसऱ्या लेन्सवर उडी मारतात, फ्रेम एकदम हलते, रंग बदलतो, बारकावे जातात. उपाय सोपा आहे, फोन वीतभर मागे घ्या आणि २ एक्स झूम करून काढा, आणि ऑटो मॅक्रोचा, म्हणजे जवळ गेल्यावर आपोआप लेन्स बदलण्याचा पर्याय असेल तर बंद करून बघा. कागदपत्रांनाही हेच करा.

मेगापिक्सेलच्या आकड्यावरही रुसू नका. २०० मेगापिक्सेलचा कॅमेरा साधारणपणे १६ पिक्सेल मिळून एक करतो आणि फोटो १२.५ मेगापिक्सेलचा देतो, ५० वाला ४ मिळून एक करतो, तोही १२.५ चाच. यात फसवणूक नाही, कमी उजेडात याचाच फायदा होतो, म्हणून पूर्ण २०० किंवा ५० मेगापिक्सेलचा फोटो देणारा फुल रेझोल्यूशन मोड कायम चालू ठेवू नका, तो भर उन्हातल्या फोटोंसाठी ठीक.

चेहरे मेण लावल्यासारखे गुळगुळीत येत असतील तर ब्यूटी मोड शून्यावर आणा, काही फोनमध्ये तो आधीपासूनच ऑन असतो. घरात पळणारी मुलं हलून येतात कारण कमी उजेडात शटर जास्त वेळ उघडं राहतं, तिथे नाइट मोड बंद करा आणि खोलीतला दिवा लावा. फोटो काढल्या काढल्या गॅलरीत जाऊन नावं ठेवू नका, प्रोसेसिंग व्हायला क्षणभर लागतो. आणि कुठल्यातरी अनोळखी साइटवरून दुसऱ्या कॅमेरा अ‍ॅपची एपीके (अ‍ॅप इन्स्टॉल करायची फाइल) टाकायच्या भानगडीत तर पडूच नका.

एवढं करूनही समाधान नाही झालं तर एक टेस्ट करा. छापील पान भिंतीवर चिकटवा, भरपूर उजेडात बरोब्बर समोरून, थोडं लांबून ४-५ फोटो काढा आणि चारही कोपरे बघा. दरवेळी तोच एक कोपरा पुसट येत असेल, किंवा स्थिर धरूनही चित्र थरथरत असेल, तर हा सेटिंगचा प्रश्न नाही, लेन्समध्ये दोष असू शकतो. अशा वेळी पुढच्या अपडेटची वाट बघत बसू नका, ते ओरिजिनल फोटो आणि बिल घेऊन रिप्लेसमेंटची मुदत संपायच्या आत तक्रार नोंदवा.